कानात नाडीच्या ठोक्याबरोबर 'सूं-सूं' आवाज येतोय? दुर्लक्ष करू नका, कारण शोधलं तर बऱ्याचदा इलाज आहे

दिवसभर रानात काम असतं, ट्रॅक्टर-मोटारीचा आवाज असतो, तोवर काही जाणवत नाही. रात्री जेवणं उरकून अंथरुणावर टेकलं, गाव शांत झालं, की काही जणांच्या एका कानात 'सूं... सूं... सूं...' सुरू होतं. कुणाला तो आवाज चक्की चालल्यासारखा वाटतो, कुणाला धपधप वाटतो, तर कुणाला लांबून पाण्याचं इंजिन चालू असल्यासारखा. घरातल्या दुसऱ्या कुणालाच तो ऐकू येत नाही. मग कुणी म्हणतं भास आहे, कुणी म्हणतं वारं शिरलं, कुणी बाहेरचं काही असेल म्हणून गंडा बांधायला नेतं.

हा भास नाही आणि बाहेरचंही काही नाही. आपल्याच अंगातल्या रक्ताच्या वाहण्याचा आवाज कानाला ऐकू येत असतो. डॉक्टरी भाषेत याला 'पल्सेटाइल टिनिटस' म्हणतात. पल्स म्हणजे नाडी, टिनिटस म्हणजे कान वाजणे. नाडीच्या ठोक्याबरोबर कान वाजणे, एवढाच त्याचा अर्थ.

साधं कान वाजणं वेगळं, हे वेगळं

कान वाजण्याची तक्रार गावोगाव आहे. म्हातारपणी ऐकू कमी येतं, किंवा वर्षानुवर्षं मळणी यंत्र, ट्रॅक्टर, डीजेचा आवाज कानावर पडतो, तेव्हा कानात सारखी शिट्टी किंवा रातकिड्यासारखी किरकिर सुरू राहते. तो आवाज एकसारखा असतो, त्याला ठेका नसतो.

नाडीचा आवाज मात्र ठेक्यात येतो. तपासायची रीत सोपी आहे. शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी धरा. कानातला आवाज आणि बोटाखालचा ठोका बरोबर पडतोय का ते पाहा. जिना चढून किंवा भराभर चालून आल्यावर नाडी जलद झाली आणि आवाजही जलद झाला, तर तो नाडीचाच आवाज आहे.

कधी कधी कानात 'टक-टक' होतं, पण ते नाडीशी जुळत नाही. ते कानाच्या किंवा टाळूच्या बारीक स्नायूच्या फडफडण्याने होऊ शकतं. तो प्रकार वेगळा.

हा फरक डॉक्टरांना सांगणं फार महत्त्वाचं आहे. पेशंट नुसतं 'कान वाजतो' म्हणाला, तर बऱ्याचदा साध्या कान वाजण्याच्या गोळ्या मिळतात आणि महिनोन्‌महिने त्यावर निघून जातात. 'नाडीबरोबर वाजतो' हे दोन शब्द सांगितले, की तपासणीची दिशाच बदलते.

आवाज येतो कुठून?

मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आणि मेंदूकडून रक्त परत आणणारी मोठी शीर, दोन्ही कानाच्या आतल्या भागाच्या अगदी जवळून जातात. मध्ये हाडाचा पातळ पडदा असतो. रक्त सुरळीत वाहत असतं तेव्हा त्याचा आवाज होत नाही, झालाच तर मेंदू तिकडे लक्ष देत नाही.

शेतातली पाइपलाइन डोळ्यापुढे आणा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तर पाणी गुपचूप जातं. अर्धा बंद केला, की तिथं सूं-सूं आवाज सुरू होतो. मोटारीचा जोर वाढवला तरी पाइप वाजतो. आणि पाइप चांगला असला, पण त्याच्यावरची माती निघून गेली, तरी आवाज जास्त ऐकू येतो. कानातही याच तीन गोष्टी घडतात. रक्तवाहिनी कुठेतरी अरुंद किंवा वेडीवाकडी होते, रक्ताचा जोर वाढतो, नाहीतर कान आणि रक्तवाहिनीमधलं हाड पातळ होतं.

साधी आणि सहज सापडणारी कारणं

कानात मळ किंवा पाणी : कानात मळ घट्ट बसला, किंवा सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं, तर बाहेरचा आवाज कमी ऐकू येतो आणि आतला जास्त. मळ काढला किंवा पाणी ओसरलं की आवाज थांबतो.

रक्त कमी असणं : अंगात रक्त कमी असलं की ते पातळ होतं आणि हृदयाला ते जोरात पळवावं लागतं. त्यामुळे कानात नाडी ऐकू येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. धाप, थकवा, छातीत धडधड आणि सोबत कानात धपधप असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासावं. बाईचं १२, पुरुषाचं १३ आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर ते कमी समजतात.

थायरॉईड जास्त चालणं : वजन उतरणं, हात थरथरणं, घाम, छातीत धडधड ही सोबतची लक्षणं. साध्या रक्त तपासणीत कळतं.

बीपी वाढणं : रक्ताचा दाब वाढला की आवाज येऊ शकतो किंवा आधीचा वाढू शकतो.

गरोदरपण : अंगातलं रक्त वाढतं, त्यामुळे काही जणींना आवाज येतो आणि बाळंतपणानंतर जातो. पण गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर आवाजासोबत जोराची डोकेदुखी असेल, झटका आला, नजर धूसर झाली, तर लगेच दवाखाना गाठावा. मेंदूच्या शिरेत गाठ अडकल्याचीही ती खूण असू शकते.

ज्यांच्याकडे काणाडोळा चालत नाही अशी कारणं

डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढणं : मेंदूभोवती एक पाणी असतं. त्याचा दाब वाढला, की मेंदूच्या शिरा दबतात आणि कानात सूं-सूं येते. पोटी मूल होण्याच्या वयातल्या आणि वजन वाढलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. सोबत डोकं दुखतं, वाकल्यावर किंवा उभं राहिल्यावर डोळ्यापुढे क्षणभर अंधारी येते, एकाचे दोन दिसतात. हा दाब डोळ्याच्या नसेवर येतो. वेळेत इलाज झाला नाही तर नजर कायमची जाऊ शकते. मुरमांसाठी देतात त्या डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिनसारख्या गोळ्या आणि व्हिटॅमिन ए चा जादा डोस, यांनीही असा दाब वाढू शकतो. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

मानेची धमनी अरुंद होणं : वय, बीपी, शुगर, तंबाखू-बिडी यांनी धमनीत चरबीचा थर बसतो. आवाज ही त्याची एक खूण असू शकते आणि पुढचा धोका लकव्याचा असतो.

धमनीचा आतला थर फाटणं : मानेला हिसका बसला, अपघात झाला, कधी काही कारण नसतानाही हे होतं. मानेत किंवा डोक्याच्या एका बाजूला अचानक दुखणं, आणि त्याच बाजूच्या कानात ठोके. ही इमर्जन्सी आहे.

धमनी आणि शीर थेट जोडली जाणं : मध्ये बारीक केशवाहिन्या असायला हव्यात, पण धमनीचं जोराचं रक्त सरळ शिरेत जायला लागतं. काही प्रकारांत मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागल्यावर काही दिवसांनी एक डोळा लाल होऊन पुढे आला आणि डोक्यात सूं-सूं सुरू झाली, तर डोळे आल्याचे ड्रॉप टाकत बसू नये.

कानामागची गाठ : पडद्यामागे रक्तवाहिन्यांची लालसर गाठ होते. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते, हळूहळू वाढते, पण ऐकणं कमी करते.

कानातलं हाड विरळ होणं : यात स्वतःचा आवाज, चालताना पावलांचा आवाज, अगदी डोळे फिरवल्याचा आवाजसुद्धा कानात येतो. मोठ्या आवाजाने चक्कर येते. अमेरिकेतल्या लॉइड मायनर या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हा आजार पहिल्यांदा मांडला. त्याआधी असे पेशंट मनाचे रोगी समजले जायचे.

कोणत्या वेळी थांबायचं नाही?

खालीलपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. गरज पडली तर १०८ ला फोन करा.

• आवाज अचानक सुरू झाला आणि सोबत मान किंवा डोकं जोरात दुखतंय
• तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोबडी वळणं
• नजर धूसर होणं, अंधारी येणं, दोन-दोन दिसणं
• डोक्याला किंवा मानेला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज
• एका कानाने अचानक ऐकू न येणं

यातलं काही नसलं, पण आवाज एकाच कानात नाडीबरोबर येतोय आणि आठवडे झाले तरी जात नाही, तरीही तपासणी करावीच.

तपासणीचा रस्ता

पहिल्या टप्प्याला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. बीपी आणि हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. थायरॉईडची रक्त तपासणी ग्रामीण रुग्णालयात विचारावी. पुढे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञ कान पाहतात, ऐकण्याची तपासणी करतात. ते मानेवर आणि कानामागे स्टेथोस्कोप लावूनही ऐकतात. काही पेशंटचा आवाज डॉक्टरांनाही ऐकू येतो. मानेवर हलका दाब देऊन आवाज थांबतो का, हेही ते पाहतात. त्यावरून आवाज शिरेचा की धमनीचा, याचा अंदाज येतो. हा प्रयोग घरी करू नये. मान जोरात दाबल्याने, खास करून वयस्कर माणसाला, चक्कर येऊ शकते किंवा लकवाही होऊ शकतो.

डोकेदुखी किंवा नजरेची तक्रार असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. डोक्यातला दाब वाढल्याची सूज तिथं दिसते. ही तपासणी सोपी आहे आणि नजर वाचवते.

नंतर लागला तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन. इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. मेंदूचा साधा एमआरआय नॉर्मल आला म्हणजे विषय संपला असं नाही. धमन्यांचा आणि शिरांचा फोटो वेगळा काढावा लागतो, कानाच्या हाडाचा सीटी वेगळा असतो. चिठ्ठीवर 'नाडीबरोबर येणारा आवाज' आणि कोणता कान, हे लिहिलंय का ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. तरीही शंका राहिली तर मोठ्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करतात.

खर्चाच्या भीतीने मागे राहू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जावं आणि आपला उपचार योजनेत बसतो का, हे भरती होण्याआधी विचारावं.

इलाज कारणावर असतो

आवाजावर एकच अशी गोळी नाही. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, आणि त्या चहासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत. थायरॉईड, बीपी असेल तर त्यांची औषधं. डोक्यातला दाब वाढला असेल तर औषध आणि वजन कमी करणं. ८० किलोच्या बाईने ७-८ किलो उतरवलं तरी बऱ्याच जणींना फरक पडतो. शीर अरुंद असेल तर निवडक पेशंटमध्ये स्टेंट टाकतात. चुकीची जोडली गेलेली वाहिनी मांडीतून किंवा हातातून नळी घालून आतूनच बंद करतात. गाठीवर ऑपरेशन किंवा रेडिएशन, हाडावर ऑपरेशन. कारण दूर झालं की पुष्कळांचा आवाज पूर्ण थांबतो.

आवाज आहे तोवर दिवस कसे काढायचे?

तपासण्या पूर्ण झाल्या, धोक्याचं काही निघालं नाही, तरी काहींचा आवाज राहतो. अशा वेळी पुढच्या गोष्टींचा उपयोग होतो.

• रात्री खोलीत पूर्ण शांतता ठेवू नका. पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ चालू ठेवा. कानात इअरफोन घालून मोठा आवाज मात्र नको.
• उशी थोडी उंच घ्या. ज्या कुशीवर आवाज कमी वाटतो त्या कुशीवर झोपा.
• चहा-कॉफी, मीठ आणि जागरण कमी करून पाहा. तंबाखू, मिश्री, बिडी बंद करा.
• कानात गरम तेल, काडी, हेअरपिन घालू नका. बाजारात कान साफ करणाऱ्यापुढे बसू नका. पडदा फाटला तर एकाचे दोन आजार होतील.
• आवाज कधी वाढतो, कधी कमी होतो, हे वहीत लिहा. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. रोज रात्री हा आवाज ऐकून झोप उडते, चिडचिड होते, जीव नकोसा वाटतो. त्यात 'तुला काही झालं नाही, मनाचे खेळ आहेत' असं ऐकलं, की माणूस बोलायचंच बंद करतो. खास करून सुना आणि म्हातारी माणसं गप्प बसतात. त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवून एकदा दवाखान्यात सोबत जाणं, हा अर्धा आधार आहे. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर दिवसा-रात्री कधीही मराठीत बोलता येतं.

थोडक्यात : आवाज नाडीबरोबर पडतो का ते बघा. पडत असेल तर डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा. बीपी, रक्त, थायरॉईड, कान आणि डोळ्याचा पडदा एवढं आधी तपासून घ्या. धोक्याची खूण दिसली तर वाट पाहू नका.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.)