निनावी बाडाचा लेखक

रोममधल्या जेझुइट दप्तरात १६५९ सालची दोन व्हिएतनामी पत्रे आहेत. एकावर १२ सप्टेंबर ही तारीख आहे, दुसऱ्यावर २५ ऑक्टोबर. दोन्ही रोमन लिपीत, दोन्ही फादर फिलिप्पो दे मारिनी यांना लिहिलेली. पहिले इगेसिको वान तिनचे, दुसरे बेन्तो थिएनचे. दोघेही स्थानिक ख्रिस्ती धर्मशिक्षक. एतद्देशीय ख्रिस्त्यांचे म्हणणे सहसा पाद्र्यांच्या अहवालांतून, म्हणजे गाळून येते. इथे अक्षरही त्यांचेच आहे.

उत्तर व्हिएतनामात तेव्हा गादी ले घराण्याची आणि कारभार त्रिन्ह घराण्याचा होता. साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे आठवावेत. १६५८ मध्ये त्रिन्ह ताकने बहुतेक पाद्र्यांना देशाबाहेर काढले. मारिनी गेले, तिसानिये आणि बोर्जेस एवढे दोघे राहिले. मंडळी सांभाळण्याचा भार साहजिकच धर्मशिक्षकांवर आला. त्यांचा संघ जेझुइट पाद्री आलेक्सांद्र द रोद यांनी १६३० मध्ये शपथेने बांधला होता : लग्न करायचे नाही, मिळकत सामाईक.

खरी गुंतागुंत तिसऱ्या कागदाची. त्याच दप्तरात व्हिएतनामच्या इतिहासाचे एक बाड आहे : प्राचीन राजांच्या कथा, मुलखाची प्रशासकीय विभागणी, नववर्षाचे रीतिरिवाज. त्यावर सही नाही, तारीख नाही. १९७२ मध्ये सायगावला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात व्हिएतनामी अभ्यासक दो क्वाङ चिन्ह यांनी ते थिएनच्या नावे मांडले. मुख्य आधार हस्ताक्षराचा. थिएनचे सहीचे पत्र हाताशी असल्यामुळे तो मला भक्कम वाटतो.

बाड कशासाठी लिहिले, हे मात्र अनुमानच. मारिनींचा तोंकिनविषयीचा, म्हणजे उत्तर व्हिएतनामविषयीचा, ग्रंथ १६६३ मध्ये रोमला छापून निघाला. त्यासाठी त्यांनी थिएनकडून माहिती मागवली असेल, हे संभवते. त्याहून जास्त म्हणू नये.

पुढे १६६८ मध्ये सयामात एका तोंकिनी 'बेन्तो'ला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. आपला धागा जुळला असे क्षणभर वाटते. पण तो बेन्तो हिएन. बाप्तिस्म्याचे नाव तेवढे सारखे आहे, आणि तेवढ्यावर दोन माणसे एक करता येत नाहीत.