मोठीमायचा पाऊस, कचेरीतला पाऊस

आमच्या घरात जन्मतारीख कुणाचीच धड माहीत नव्हती. थोरले काका ‘गारा पडल्या त्या साली’ झालेले, मी ‘दुष्काळाच्या आधी’ आणि धाकटी बहीण ‘आई खडी फोडायला जायची तेव्हाची’. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकजात १ जून लावून टाकला. पण मोठीमायला (आमच्याकडे आजीला मोठीमाय म्हणतात) तारखा लागायच्याच नाहीत. चांगलं पिकलेलं एकही साल तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. लक्षात राहायची ती फक्त मोडलेली सालं.

त्यातलं सगळ्यात जुनं साल तिचं स्वतःचं नव्हतं, तिच्या सासूचं होतं. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००चा छप्पनचा दुष्काळ. सासू तेव्हा परकर्‍या वयाची होती म्हणे. आमच्या नांदगावला आगगाडी आधीच आलेली. त्या काळी वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेबलोक इथंच उतरायचे आणि पुढं टांग्यानं, घोड्यानं जायचे. एकीकडं हे साहेब उतरताहेत आणि दुसरीकडं रुळाच्या कडेला बाया मालगाडीतून सांडलेले दाणे मातीसकट पदरात भरताहेत, असं सासू सांगायची. यात खरं किती आणि सांगता सांगता वाढलेलं किती, देव जाणे. मोठीमाय मात्र ते असं सांगायची की माती पाखडल्याचा आवाज कानाला यावा.

मला स्वतःला आठवतो तो बहात्तरचा. तोही अर्धामुर्धा. लाल मिलोची भाकरी नीट आठवते. थापताना कडेला चिरायची आणि गार झाली की वातड. शेजारच्या मनमाडला धान्याची मोठमोठी गोदामं होती, तिथून मिलो यायचा असं मोठी माणसं म्हणायची. आला होता मात्र पार अमेरिकेतून. आई आणि काकू उजाडायच्या आत कामावर जायच्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. संध्याकाळी आई यायची आणि पदराची गाठ सोडायची. गाठीत सुकडी. पिवळट, भरड, गोड. तिला कामावर खायला मिळालेली ती, आमच्यासाठी राखून आणलेली, हे कळायला मला फार वर्षं लागली. तेव्हा आम्ही भावंडं फक्त कुणाच्या वाट्याला जास्त आली यावर भांडायचो. रोज किती मिळायचा यावरून आई आणि काकूचं शेवटपर्यंत जमलं नाही. काकूचा आकडा नेहमी आठ आण्यांनी कमी. मे १९७३मध्ये राज्यभर पन्नास लाखांच्या घरात माणसं अशी दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला.

पावसाचा अंदाज घ्यायची मोठीमायची रीत आखाजीची. अक्षय तृतीयेला मातीची चार ढेकळं मांडायची, पावसाच्या चार महिन्यांची चार, आणि त्यांवर पाण्यानं भरलेली नवी घागर ठेवायची. घागर पाझरते. जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात पाणी जास्त. खापराची पुरणपोळी आणि आंब्याचा रस जेवून झाला की ती वाकून ढेकळं चाचपायची आणि तोंडानं काही न बोलता आत जायची. ढेकूळ कोरडं निघालं की एवढंच : “औंदा काही खरं नही.”

बाबांचे, म्हणजे आजोबांचे, एक चुलतभाऊ कचेरीत शिपाई होते. त्यांनी एकदा मला तिथलं पर्जन्यमापक दाखवलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं यंत्र असेल. तर जमिनीत रोवलेलं एक नळकांडं, वर पाच इंच तोंडाचं नरसाळं आणि आत बाटली. सकाळी साडेआठला बाटली काढायची, पाणी आखीव काचेच्या मापात ओतायचं, माप डोळ्यांसमोर धरून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचं. “शून्य कशाला लिहायचं?” मी विचारलं. त्यांनी दिलेलं उत्तर आठवत नाही, पण मला पुढं कळलं की सगळी मेख त्या शून्यातच आहे.

अशा नोंदी जमवणारं हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली, आणि दुसर्‍याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. १८७६ ते ७८. दख्खन, मद्रास, म्हैसूर होरपळले. दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असा हिशेब इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मांडला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला. त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये आणि ब्राझीलच्या ईशान्य भागात माणसं उपाशी मरत होती. तिकडच्या मोठीमायांनीही ती सालं अशीच नातवंडांना सांगितली असतील. या सगळ्या दुष्काळांमागे प्रशांत महासागरातलं तापलेलं पाणी, म्हणजे एल निनो, होतं, हे पुष्कळ नंतर उलगडलं. गिल्बर्ट वॉकर १९०४मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी जगभरच्या अशाच वह्यांतले आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. बहात्तरलाही एल निनो होता. १९९७लाही होता, तोही दांडगा, पण त्या साली देशाचा पाऊस जेमतेम नव्हे, चांगला सरासरीइतका झाला. म्हणजे ढेकूळ चुकतं तसा समुद्रही चुकवतो.

आता जगातले शास्त्रज्ञ हवामानाच्या टोकांची मोजदाद सत्तावीस निर्देशांकांनी करतात. ती यादी वाचताना मला मोठीमायच आठवली. सलग किती दिवस कोरडे गेले, सलग पाच दिवसांत जास्तीत जास्त किती कोसळला : तिची ‘ओढ’ आणि ‘झड’च की ही. सरासरीवर तिचा विश्वास नव्हता. वर्षाचा पाऊस तेवढाच, पण आषाढ कोरडा आणि आश्विनात एका रात्रीत सगळा, तर बाजरी थोडीच सरासरी खाते?

पण तिचं सगळंच खरं धरू नये. “आमच्या वेळी पाऊस वेळेवर यायचा” हे ती छातीठोक सांगायची, आणि त्याच दमात छप्पन आणि बहात्तर. वही नसती तर आपणही तेच म्हणत बसलो असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकार्‍यांनी १९५० ते २०१५चे आकडे तपासले, तेव्हा मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणारा अतिमुसळधार पाऊस तिपटीनं वाढल्याचं दिसलं. हे कुणाच्या आठवणीतून निघालं नसतं.

सप्टेंबर २०२१मध्ये, गणपतीच्या तोंडावर, आमच्या शाकंबरी आणि लेंडी नद्या गावात शिरल्या. एरवी या नद्यांना नदी म्हणताना पाहुण्यांसमोर जरा संकोच वाटतो. त्या रात्री नदीकाठच्या टपर्‍या, दुकानांतला माल, सगळं गेलं. गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारलं, तर असं पाणी पाहिल्याचं कुणीच सांगेना. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या ऑक्टोबरात राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात मालेगाव, येवला, चाळीसगाव आले. मधलं नांदगाव नव्हतं. ढग काही तालुक्याची शीव बघून थांबत नाहीत, असं पारावरची माणसं म्हणाली. पण यादी पावसाच्या, पिकांच्या आणि जमिनीतल्या ओलीच्या आकड्यांवर ठरते, पारावर नाही.

आता महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं आहेत. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. चौसष्टवर थांबला तर मंडळाचं नाव त्या यादीत येत नाही. म्हणून एक सांगणं आहे. घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्याची मोडलेली सालं वहीत उतरवून घ्या. आणि आपल्या मंडळाचं पर्जन्यमापक कुठं बसवलंय ते एकदा जाऊन बघून या. झाडाखाली किंवा भिंतीला चिकटून असेल, तर तलाठ्याला सांगा.