जात्यावरची ओवी पुस्तकात कशी आली

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्या, असा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कथा-कविता मला साधत नाही. परंतु गाणी ऐकण्याचा आणि गाण्यांची पुस्तके वाचण्याचा नाद मात्र आहे. म्हणून गाणे हे वाङ्मय कसे ठरले, त्याची हकीकत थोडक्यात सांगते.

गाणे गुणगुणण्यासाठी आणि कविता वाचण्यासाठी, असा भेद पुष्कळजण करतात. पण आपल्याकडे बायकांचे काव्य कामाच्या ठिकाणीच जन्माला आले. संत नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंचे अभंग गाथेत उतरले, म्हणून आज आपण ते म्हणतो. ज्यांच्या ओव्या कोणी उतरवल्या नाहीत, अशा बायका किती झाल्या असतील, याची गणती कोण करणार?

खानदेशातील बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्यांना सुचलेली गाणी चिरंजीव सोपानदेवांनी आणि एका नातलगाने कागदावर टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बाई वारल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाले. पुढे ‘मानिनी’ चित्रपटातून ही गाणी घरोघरी पोहोचली. २०१८ साली तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. मुलाने ती वेळीच टिपली नसती, तर यातले काहीच घडले नसते.

गीतकारांनाही असाच मान मिळाला. ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झाले. सुधीर फडक्यांच्या चालींनी त्यातील ५६ गीते लोकांच्या ओठी बसली आणि १९५७ साली त्यांचे पुस्तकही निघाले. चित्रपटांसाठी गीते लिहिणारे हेच माडगूळकर १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९९६ साली आळंदीला तो मान शान्ता शेळके यांना मिळाला. सारस्वतांनी गाण्याला आपल्या पंक्तीत पाट मांडला, तो असा.

आता आपल्या मुलखाकडे वळते. आपल्याच दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी. त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हे पुस्तक सिद्ध केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून सहकाऱ्यांसह १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत ओवी म्हणणारीचे नाव आणि गाव लिहून ठेवले आहे, हे मला फार मोलाचे वाटते. ओवीत भाऊ येतो, लेक येते, माहेर येते. गाणारीचे स्वतःचे नाव सहसा येत नाही.

माझ्या सासूबाई आज ७५ वर्षांच्या आहेत. पीठ गिरणीतून येते, जाते पडवीत उभे करून ठेवले आहे. मी वही घेऊन बसले की त्यांना मधलाच चरण आठवत नाही. मग खुंटा धरल्यासारखा हात फिरवतात, आणि ओळ आपसूक ओठावर येते. त्यांच्या थोरल्या जावेला याहून अधिक ओव्या येत असत. त्या गेल्या, त्यांच्याबरोबर त्यांच्या ओव्याही गेल्या.

ज्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापले, ते महर्षी कर्वे आपल्या मुरुडातच लहानाचे मोठे झाले. त्यांच्या गावच्या आपण बायका. अक्षर आपल्या हाती आले आहे. तेव्हा प्रत्येकीने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईकडून ओव्या, पाळणे, फुगडीची गाणी उतरवून घ्यावी आणि खाली तिचे नाव, माहेर व सासर लिहावे. मंडळाने त्यांची एक जाड वही करावी. छापणे पुढे होईल तेव्हा होईल. टिपून घेण्याचे काम मात्र या वर्षीच व्हायला हवे.