धरणाखालचा ट्राउट आणि इतिहासाचा एक प्रश्न



मागच्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "पीएचडीसाठी विषय सापडलाय, पण त्यातला प्रश्न कसा शोधायचा?" त्याचं उत्तर सूत्रासारखं देता येत नाही. त्याऐवजी आज एक उदाहरण सांगतो. विषय वरवर पाहता अगदी हौशी लोकांचा आहे: हिवाळा सरताना एका तलावावर गळ टाकून ट्राउट पकडणं. आपण पर्यावरणाच्या इतिहासात काम करतो, मग याच्याशी आपला काय संबंध? शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

जागा आहे अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या दक्षिण टोकाला, ओझार्कच्या डोंगराळ भागात. तलावाचं नाव टेनिकोमो. नाव ऐकून कुठल्या तरी मूळनिवासी भाषेतलं वाटतं ना? तसं काही नाही. टेनी हे तिथल्या जिल्ह्याचं, म्हणजे त्यांच्या भाषेत कौंटीचं नाव. त्याला कौंटीचा 'को' आणि मिझुरीचा 'मो' जोडला की झालं टेनिकोमो. म्हणजे पोस्टाच्या पत्त्यावरून तलावाचं नाव पडलं! हे लक्षात ठेवा. जुनं आणि नैसर्गिक वाटणारं नाव नेमकं कधी आणि कुणी ठेवलं, हे तपासणं ही आपल्या कामाची पहिली पायरी.

आता फेब्रुवारीच्या अखेरीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. झाडांना पानं नाहीत, सकाळी पाण्यावर धुकं आहे. कमरेपर्यंत रबरी पँट घातलेले लोक टेबल रॉक नावाच्या धरणाच्या पायथ्याशी पाण्यात उभे आहेत. तेवढ्यात भोंगा वाजतो. सगळे भराभर काठाकडे निघतात, कारण टर्बाइन सुरू होणार आहेत. थोड्याच वेळात पाणी चढतं आणि मघाशी संथ असलेला तलाव नदीसारखा वाहू लागतो.

इथला मासेमार घरातून निघण्याआधी हवामानासोबत आणखी एक गोष्ट बघतो: वीजनिर्मितीचं वेळापत्रक. धरणात ५० मेगावॉटची चार जनित्रं आहेत. त्यातली किती चालणार, यावर तो कुठे उभा राहणार आणि कोणता गळ लावणार हे ठरतं. थंडीच्या सकाळी गावागावांत हीटर लागले की विजेची मागणी वाढते, आणि मागणी वाढली की पाणी सुटतं. म्हणजे दूरच्या शहरातल्या कुणाच्या तरी हीटरचं बटण आणि या माणसाचा गळ यांच्यात थेट नातं आहे.

हे नातं जुळलं कधी? इथून इतिहास सुरू होतो.

पहिला थर: १९१३

व्हाइट रिव्हर ही इथली मूळ नदी. १९१३ साली तिच्यावर पॉवरसाइट हे वीजनिर्मितीचं धरण बांधून पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्यातून टेनिकोमो तयार झाला. लांबी साधारण ३५ किलोमीटर, पण रुंदी नदीइतकीच. हे धरण फार उंच नव्हतं. त्यामुळे पाणी उन्हाळ्यात तापायचं आणि पोहायला छान असायचं. १९०६ पर्यंत या भागात रेल्वे आलेली होती. १९०७ साली हॅरॉल्ड बेल राइट यांची 'द शेफर्ड ऑफ द हिल्स' ही कादंबरी आली, आणि तिच्यातले डोंगर बघायला लोक यायला लागले. तलावाकाठी रॉकअवे बीच नावाचं सुट्टीचं गाव उभं राहिलं. पोहणं, नौकाविहार, नाचगाणी, उन्हाळाभर गर्दी.

तलावाच्या वरच्या अंगाला नदी अजून मोकळीच होती. तिथे वेगळाच धंदा होता. लांबट लाकडी होड्यांतून प्रवाहासोबत काही दिवस खाली यायचं, रात्री वाळूवर मुक्काम करायचा आणि वाटेत स्मॉलमाउथ बास नावाचा स्थानिक मासा पकडायचा. ब्रॅन्सन गावच्या जिम ओवेन यांनी १९३० च्या दशकापासून हा धंदा खूप नावारूपाला आणला. होड्या वल्हवणारे, वाट दाखवणारे, स्वयंपाक करणारे अशा अनेकांचं पोट त्यावर चालायचं.

या सगळ्यात ट्राउट कुठे आहे? कुठेच नाही. ट्राउट मिझुरीचा मूळ मासा नाहीच. त्याला थंड पाणी लागतं.

दुसरा थर: १९५८

पुराच्या नियंत्रणासाठी १९४१ च्या कायद्याने टेबल रॉक धरणाला मंजुरी मिळाली. पण मध्ये युद्ध आलं. लष्कराच्या अभियंता विभागाने प्रत्यक्ष काम १९५४ ला सुरू करून १९५८ ला संपवलं. हे धरण सुमारे ७७ मीटर उंच आहे, आणि टर्बाइनकडे जाणारं पाणी जलाशयाच्या पृष्ठभागावरून न घेता खोलातून घेतलं जातं.

इथे थोडं विज्ञान समजून घ्यावंच लागेल. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर गरम आणि हलकं पाणी, खाली थंड आणि जड. खालचं पाणी बारा महिने थंड, साधारण ९ अंश सेल्सिअसच्या आसपास. तेच पाणी टर्बाइनमधून टेनिकोमोत यायला लागलं, आणि ४५ वर्षं जुना कोमट तलाव थंडगार झाला.

परिणाम बघा. उबदार पाण्यातल्या माशांना हे पाणी मानवेना. रॉकअवे बीचला भर जुलैत पाण्यात पाय घालवेना, आणि गावाचा पोहण्यावर उभा असलेला धंदा उतरणीला लागला. वरच्या अंगाची होड्यांची वाट नव्या जलाशयाखाली गेली. त्याच वेळी सरकारने टेनिकोमोत ट्राउट सोडायला सुरुवात केली. धरणाच्या अगदी पायथ्याशी मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं, आणि त्याला नाव मिळालं त्याच कादंबरीचं: शेफर्ड ऑफ द हिल्स. आज ब्रॅन्सनला लोक ट्राउटसाठी येतात. २०१९ साली याच तलावात ४० पौंडांहून जास्त वजनाचा ब्राउन ट्राउट सापडला. तो राज्याचा विक्रम ठरला.

माझी चूक

आता खरी गोष्ट सांगतो. या विषयावरच्या माझ्या पहिल्या टिपणात मी मोठ्या थाटात लिहिलं होतं, "धरणाने नदी मारली." माझ्या मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलने दोनच शब्द लिहिले: "कोणती नदी?"

मला आधी राग आला. मग नीट विचार केल्यावर कळलं की १९५८ ला जी 'मेली' ती मोकळी नदी नव्हतीच. निदान टेनिकोमोच्या पट्ट्यात तरी नव्हती. तिथे १९१३ चं एक धरण आधीपासून होतं. रॉकअवे बीचच्या लोकांचं जे गेलं, ते सुद्धा एका धरणानेच दिलेलं होतं. वरच्या अंगाच्या होडीवाल्यांची नदी मात्र खरोखर मोकळी होती. म्हणजे एकाच वर्षी, एकाच धरणामुळे, दोन गटांचं झालेलं नुकसान सारखं नव्हतं. माझ्या त्या एका वाक्याने दोघांना एकाच पोत्यात भरलं होतं. याच्या उलट "धरणामुळे इथे ट्राउट आला, पर्यटन वाढलं" हे पर्यटनाच्या माहितीपत्रकातलं वाक्यही तितकंच अपुरं आहे. दोन्हीकडे क्रियापद एकच आणि कर्ता एकच. माणसं गायब.

ट्राउट आला कुठून?

प्रश्न जरा मागे न्या. इंद्रधनुषी ट्राउट, म्हणजे रेनबो, हा पॅसिफिक किनाऱ्याकडचा मासा. १८७२ साली लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर अमेरिकी मत्स्य आयोगाचं केंद्र उभारलं. आधी ते साल्मनसाठी होतं. १८७९ पासून तिथे ट्राउटची अंडीही गोळा व्हायला लागली आणि रेल्वेने देशभर जाऊ लागली. ही नदी विंटू लोकांची. केंद्रावर कामही त्यांनी केलं. पुढे १९४० च्या दशकात शास्ता धरण झालं. त्याच्या जलाशयात मॅक्लाउडचा खालचा भाग, विंटूंची गावं आणि ते मत्स्य केंद्रही बुडालं.

बघा हं, ट्राउटला ज्या जागेने देशभर नेलं ती जागा एका धरणाने बुडवली, आणि मिझुरीत ट्राउटला घर मिळालं ते दुसऱ्या धरणामुळे. म्हणूनच एका तलावाचा इतिहास त्या तलावाच्या काठावर थांबत नाही.

हिवाळा सरतानाच का?

आता पुन्हा फेब्रुवारीत येऊ. मासेमारांना हा काळ का आवडतो, यातही पुरावा लपलेला आहे.

उन्हाळाभर थर पडून राहिल्याने टेबल रॉकच्या तळच्या पाण्यातला ऑक्सिजन शरदापर्यंत कमी होत जातो. तेच पाणी खाली सुटलं की ट्राउटचा जीव गुदमरतो. यावर उपाय म्हणून टर्बाइनमधून पाण्यात हवा मिसळावी लागते. पुढे हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि जलाशय ढवळला जातो. मग खालून सुटणारं पाणी थंडही असतं आणि त्यात ऑक्सिजनही भरपूर असतो.

दुसरी गोष्ट, थ्रेडफिन शॅड नावाचा चंदेरी छोटा मासा. त्याला कडाक्याची थंडी सोसत नाही. थंडी जास्त असली की तो वरच्या जलाशयात गलितगात्र होतो किंवा मरतो, आणि टर्बाइनमधून खाली येतो. ट्राउटला आयतं जेवण! म्हणून जाणकार मासेमार अशा दिवसांत पांढरं आमिष लावतात. असं दरवर्षी होतंच असं नाही.

तिसरी गोष्ट, याच सुमारास रेनबो ट्राउट खडीच्या तळावर अंडी घालायचा प्रयत्न करतात. पण त्यातून तलावाला पुरतील इतके मासे काही तयार होत नाहीत. संख्या टिकते ती मत्स्यबीज केंद्रांमुळे. त्यातलं निओशोचं केंद्र १८८८ सालचं आहे, अमेरिकेत चालू असलेलं सर्वांत जुनं संघीय केंद्र. तिथून टेनिकोमोत मासे येतात ते 'भरपाई' म्हणून. धरणांमुळे मूळ मासेमारीचं जे नुकसान झालं त्याची भरपाई.

या एका शब्दावर थांबा. माझ्या मते संशोधनाचा प्रश्न इथे आहे. भरपाई कुणाची झाली? होडीवाल्याचा बास गेला, त्याबदल्यात तलावात ट्राउट आला. हिशेबाच्या वहीत माशाच्या जागी मासा जमा झाला. पण होडी वल्हवणाऱ्या माणसाच्या जागी कोण जमा झालं? रॉकअवे बीचच्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांचा रकाना त्या वहीत होता का? माशांची मोजदाद करणाऱ्या कार्यालयाकडे माशांचे आकडे सापडणार, हे उघड आहे. माणसांसाठी तुम्हाला दुसरीकडे जावं लागेल: स्थानिक वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, जुनी पोस्टकार्डं, जमीन खरेदीचे कागद, घरातल्या आठवणी.

आपल्याकडे

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. लोणावळ्याच्या वळवण तलावाशी टाटांच्या वीज कंपनीचं महसीर माशाचं बीज तयार करणारं केंद्र १९७० च्या दशकापासून आहे. जवळच मुळशी, जिथे १९२१ ला धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. महसीर आपला, ट्राउट मिझुरीला परका, हा फरक मोठा आहे. त्यामुळे टेनिकोमोचं उत्तर उचलून इथे चिकटवता येणार नाही. प्रश्न मात्र नेता येतो: माशांची नोंद कुठे आहे, माणसांची कुठे आहे, आणि या दोन नोंदी एकाच कपाटात का नाहीत?

तुमच्यासाठी काम

तुमच्या गावाजवळचं कोणतंही एक धरण घ्या आणि तीन गोष्टी लिहून काढा. त्या पाण्यात आज कोणता मासा मिळतो? तो तिथलाच की आणून सोडलेला? आणि धरण होण्याआधी त्या पाण्यावर कुणाचं पोट होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाजारात मिळेल, दुसऱ्याचं मत्स्यव्यवसाय खात्यात. तिसऱ्यासाठी बहुधा एखाद्या म्हाताऱ्या माणसासमोर जाऊन बसावं लागेल. तिथे वही बंद ठेवा, आधी चहा घ्या आणि ऐका.

आणि टिपणात "धरणाने नदी मारली" असं वाक्य आलंच, तर समासात स्वतःच पेन्सिलने लिहा, "कोणती नदी?" मार्गदर्शकांचं तेवढं काम वाचेल.

तुमची उत्तरं जरूर कळवा. पुढच्या लेखात जुने धरण-नकाशे कसे वाचायचे ते बघू.