अल्फा आणि बीटा ब्लॉकर: गोळी सुरू करताना आणि थांबवताना

उच्च रक्तदाब, अंजायना, हृदयाचे अनियमित ठोके किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांच्या चिठ्ठीत मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्राझोसिन, टॅमसुलोसिन अशी नावे असतात. ही औषधे ॲड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा परिणाम रोखतात.

ती काय करतात?
बीटा ब्लॉकर हृदयाचे ठोके मंद करून त्यावरचा ताण कमी करतात. अल्फा ब्लॉकर रक्तवाहिन्या आणि प्रोस्टेटजवळचे स्नायू सैल करतात, त्यामुळे रक्तदाब उतरतो किंवा लघवी मोकळी होते. कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटालॉल दोन्ही प्रकारे काम करतात.

गोळी एकाएकी बंद करू नका
‘बीपी नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ असे अनेकांना वाटते. पण बीपी नॉर्मल असतो तो बहुधा गोळीमुळेच. बीटा ब्लॉकर नियमित घेताना हृदय ॲड्रेनालिनला अधिक संवेदनशील झालेले असते. गोळी अचानक थांबली तर धडधड, छातीत दुखणे, हृदयविकार असलेल्यांना हार्ट अटॅकही येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. प्रवासात किंवा उपवासाच्या दिवशीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी चुकवू नका. चुकलीच तर पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

पहिल्या डोसची काळजी
प्राझोसिनसारख्या अल्फा ब्लॉकरच्या पहिल्या डोसनंतर उभे राहताच चक्कर येऊ शकते. म्हणून तो बहुधा रात्री झोपताना देतात. रात्री लघवीला उठताना आधी काही वेळ पलंगावर बसा, मग उभे राहा.

डॉक्टरांना हे आधी सांगा
• दमा असल्यास: काही बीटा ब्लॉकरमुळे, अगदी काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांमुळेही, दम्याचा झटका येऊ शकतो.
• मधुमेह असल्यास: साखर कमी झाल्यावर होणारी धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. तो आल्यास लगेच साखर तपासा.
• मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असल्यास: टॅमसुलोसिन सुरू असेल किंवा पूर्वी घेतले असेल, तरी नेत्रतज्ज्ञांना सांगा.

केव्हा थांबू नये?
नाडी डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी झाली, पायांवर सूज आली किंवा वजन झपाट्याने वाढले, तर डॉक्टरांना लगेच कळवा. छातीत दुखणे, दम लागणे किंवा शुद्ध हरपणे असे झाल्यास रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवा.