पार्ल्याच्या बाजारातील शब्द

म्युनिचचा ‘व्हिक्टुआलियनमार्क्ट’ हा खाद्यबाजार १८०७ साली राजाज्ञेने मुख्य चौकातून हलविण्यात आला. आज तेथे वाटाडे प्रवाशांस दुकानोदुकानी पदार्थ चाखवीत हिंडवितात. विलेपार्ल्याच्या पूर्वेकडील बाजारात तसेच हिंडल्यास जिव्हेपेक्षा कानालाच अधिक मेवा लाभतो. बटाटा, पाव, काजू, अननस ही नावे पोर्तुगीजांमार्फत आली; शेवटची दोन तर मूळची ब्राझीलच्या तुपी भाषेतील. साष्टी १५३४ च्या तहापासून १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. तेव्हा हे शब्द म्हणजे त्या राजवटीचा पार्ल्यातील अवशेष होय, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पोर्तुगीज अंमल कधीही न पाहिलेल्या साताऱ्यातही बटाटाच म्हणतात, गुजरातीतही तेच. उत्तरेकडे मात्र ‘आलू’, म्हणजे नव्या कंदाला संस्कृतातील जुनेच कंदवाचक नाव. शब्द राजवटीच्या सीमा पाळीत नाहीत, व्यापाराच्या वाटा धरतात. स्थानिक इतिहासाचा पुरावा म्हणून ते एकटे अपुरे ठरतात.

पार्ल्याचा खास स्वतःचा गंध बिस्किटांचा. तो कारखाना १९२९ साली गोळ्यांसाठी, जर्मनीहून आणलेल्या यंत्रांवर सुरू झाला, पुढे बिस्किटांकडे वळला आणि २०१६ मध्ये बंद पडला. ‘बिस्कीट’ याचा लॅटिन मूलार्थ ‘दोनदा भाजलेले’. पार्ल्याचे मात्र एकदाच भाजले जाई.