बिल्ला आणि खेळ

वर्गात गुण, पातळ्या, बिल्ले आणि क्रमवारीचे फलक आणून विद्यार्थ्यांचा उत्साह वाढवण्याच्या तंत्राला आज ‘गेमिफिकेशन’ म्हणतात. हा शब्द २००२ च्या सुमारास निक पेलिंग यांनी घडवला आणि २०१० नंतर तो शिक्षणक्षेत्रातही रुळला. शब्द नवा असला, तरी त्यामागची कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे.

१७९८ साली जोसेफ लँकेस्टर याने लंडनच्या बरो रोड भागात गरीब मुलांसाठी शाळा सुरू केली. मुले शेकडो, शिक्षक एक. म्हणून मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, ही योजना. मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल याने असाच प्रयोग केला होता. एतद्देशीय शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून त्याला दिशा सापडली होती.

एवढ्या मोठ्या समुदायाला कामाला लावायचे कसे? लँकेस्टरने प्रत्येक मुलाला क्रमांकाचा बिल्ला दिला. खालच्याने वरच्यावर मात केली, की बिल्ल्यांची अदलाबदल होई. चांगल्या कामाची तिकिटे साठवली, की पतंग किंवा चेंडू मिळे. लँकेस्टर छडीच्या विरोधात होता, हे त्याचे श्रेय खरेच. परंतु चुकणाऱ्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणे, त्याला टोपलीत बसवून छताला टांगणे, हेही त्याच व्यवस्थेत होते. गौरव आणि अवहेलना ही एकाच यंत्राची दोन चाके होती. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, १८२२ नंतर, मुंबईत मराठी शाळा व शालेय पुस्तके यांसाठी जे संघटित प्रयत्न झाले, त्यांतही या पद्धतीचा पुरस्कार झाला.

या यंत्राला खरा छेद दिला तो मारिया माँटेसरी यांनी. १९०७ मध्ये रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तेथील एक प्रसंग त्यांनी नोंदवून ठेवला आहे. एका मुलाला शाबासकी म्हणून पदक मिळाले होते. दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीत नुसते बसवले होते. पदकवाला मुलगा आपल्या कामाच्या वस्तू ने-आण करण्यात गुंतला होता. पदक गळून पडले, तरी त्याला फिकीर नव्हती. खुर्चीतल्या मुलाने ते उचलले, त्याच्या परवानगीने छातीवर लावले आणि तो समाधानाने बसून राहिला. ज्याला काम गवसले होते त्याला पदक नको होते. ज्याच्या हाताला काम नव्हते त्याला ते पुरले.

हा विचार आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी रुजवला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी तेथे आणि कोसबाडला काम उभे केले. महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द तिथला. मुलांना शाळेकडे ओढण्यासाठी बिल्ला वाढवण्याऐवजी, शाळा त्यांच्या जगण्याजवळ नेण्यात आली.

प्रस्तुत लेखकानेही वृत्ते शिकवताना मोबाइलवर प्रश्नमंजूषा घेतली आहे. शंभरावर विद्यार्थी, एक प्राध्यापक. लँकेस्टरची अडचण आपल्याला परकी नाही. वर्ग दणाणून गेला. दुसऱ्या दिवशी मंदाक्रांतेचे गण विचारले, तर बहुतेकांना आपापला क्रमांक तेवढा आठवत होता. पुढच्या तासाला गुण, क्रमांक काहीच न ठेवता सांगितले, की मंदाक्रांतेत एक ओळ रचा. विषय कोणताही, अगदी एसटीची वाट पाहण्याचाही चालेल. घंटा झाल्यावर काही मुले व्हरांड्यात बोटांवर लघु-गुरू मोजत उभी होती. एका मुलीची ओळ एका मात्रेवर अडली होती आणि ती कोणाला हार जायला तयार नव्हती.

खेळ वर्गात यावा, याविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच, की आपण आणतो तो खेळ असतो, की खेळाच्या नावाने लँकेस्टरचा बिल्ला. ओळखण्याची खूण सोपी आहे: फलक मिटल्यावरही विद्यार्थी खेळत राहतो का, ते पाहावे.